दहा ग्रॅम इकडचे तिकडे

गोल्फच्या पिशवीतला सगळ्यात लांब दांड्याचा आणि सगळ्यात फुगीर डोक्याचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. भांडणंही त्याच्यावरूनच. पटिंग, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलणं, चुकलं तर माणूस स्वतःला चार शब्द सुनावतो. ड्रायव्हर चुकला की दुकान गाठतो. गेल्या वीसेक वर्षांत दुकानदाराकडे या गिऱ्हाइकासाठी नवं उत्तर आलंय: क्लब सरळ येत नसेल तर फिरवून बघा. डोक्याच्या गळ्याशी एक स्क्रू, तळाला आणखी एक-दोन, काहींना तर तळाच्या खाचेतून सरकणारं वजन. सोबत छोटा पाना. तो पाना पिशवीच्या कप्प्यात तसाच पडू देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमचे भाऊजी तर तो माणूस नव्हेतच. दीर आणि वहिनी मिळून गोल्फ खेळतात हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या शेजाऱ्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही. पण आमच्या ह्यांचा गुडघा साथ देत नाही आणि भाऊजींना जोडीदार लागतो, इतकी साधी गोष्ट आहे. त्यांनी माझ्या मुलाकरवी परदेशातून स्क्रूवाला ड्रायव्हर मागवला आणि खोकं उघडतानाच जाहीर केलं, "वहिनी, आपली स्लाइस आता इतिहासजमा समजा." त्यांच्या चेंडूची उजवीकडे वळायची खोड राजवाड्याच्या आवारातल्या मोरांनासुद्धा ठाऊक आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत काढली. तिथे 'ही बॅच बरी वाटते' असं कोणी म्हणत नाही; म्हटलंच तर समोरून 'कशाच्या तुलनेत?' असं येतं. भाऊजींची घोषणा ऐकून माझ्या तोंडून तेच निघालं. "तुमची प्रयोगशाळा तिकडेच ठेवा," ते म्हणाले. पण पुढच्याच आठवड्यात वही मीच घेऊन गेले.

आम्ही खेळतो ते मैदान लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात आहे. १९३० च्या दशकात महाराजा प्रतापसिंहरावांनी ते युरोपीय पाहुण्यांसाठी करवलं, आणि १९९० च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी नव्याने उभं करून सर्वांना खुलं केलं. ते स्वतः रणजी खेळलेले, आणि मोतीबागचं क्रिकेट मैदानही त्याच आवारात. बडोद्यात गोल्फकडे वळणारे बरेचसे क्रिकेटमधूनच येतात. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी रचली ती याच गावात; तिथे बॅटला स्क्रू लावावा असं कोणाच्या डोक्यात कशाला येईल? क्रिकेटमधून आलेल्या माणसाचे हात मात्र क्रिकेटचेच राहतात. चेंडू कव्हरमधून काढताना बॅटचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, जरा उघडा ठेवायची जी सवय तिथे टाळ्या मिळवते, ती इथे चेंडू थेट झाडीत पाठवते. भाऊजी तरुणपणी चांगले फलंदाज होते. हा त्यांच्या स्लाइसचा अर्धा खुलासा.

एक आडवळण घेते. राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपलं गणित चुकलंय, इमारत कोसळणार, या धास्तीने त्यांचं डोकं फिरलं असं सांगतात. ते १८८१ मध्ये वारले, काम रॉबर्ट चिझम यांनी पूर्ण केलं आणि १८९० पासून राजवाडा खणखणीत उभा आहे. आकडेमोडीवर इतका अविश्वास बरा नव्हे असं मला तिथून जाताना नेहमी वाटतं. भाऊजींचा आजार उलट टोकाचा आहे. पुड्यावर छापलेला आकडा ते डोळे मिटून मानतात.

तर स्क्रू आले कुठून? पूर्वी ड्रायव्हर लाकडाचे असत, पर्सिमनचे. १९७९ मध्ये गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड ही कंपनी काढून धातूचं डोकं बाजारात आणलं. १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली आणि डोकी फुगत चालली. मग नियम करणाऱ्यांनी एकेक दार लावून घेतलं. डोक्याचं आकारमान ४६० घनसेंटिमीटरच्या वर नको. फेस चेंडूला किती उसळी देतो त्यावर मर्यादा, आणि ती मोजायला फेसवर छोटा लोलक आपटून मायक्रोसेकंदांत वेळ घ्यायची चाचणी. चुकीच्या जागी चेंडू लागला तर डोकं किती वळेल, त्या जडत्वावरही पुढे कमाल आकडा आला. मोठं करायची सोय संपली, उसळीची सोय संपली. मग विकायचं काय? २००४ मध्ये टेलरमेडने आर७ क्वाड आणला, तळाला चार वजनं असलेला, ती हवी तशी अदलाबदल करायची. वजनाची मुभा तेवढी होती. बाकीच्या फिरवाफिरवीला नियमाने परवानगी मिळाली १ जानेवारी २००८ पासून. २००९ मध्ये आर९ आला, त्याचा दांडा डोक्यातून काढून फिरवून पुन्हा बसवता यायचा. पाठोपाठ टायटलिस्टचा ९१० सोळा जागांचा खटका घेऊन आला. आज साधारण किमतीतल्या ड्रायव्हरलाही हे असतंच. मला यात कोणाची लबाडी दिसत नाही. बाकीच्या वाटा बंद झाल्यावर कारागिराने उरलेल्या वाटेवर जीव ओतला, एवढंच. पण उरलेली वाट हीच सर्वांत महत्त्वाची असते असं मात्र नाही.

आता गळ्याजवळच्या खटक्याकडे येते, कारण सगळा घोळ तिथे आहे.

दांड्याच्या टोकाला एक नळी असते, तिला स्लीव्ह म्हणतात. तिचं भोक सरळ नसून किंचित तिरकं पाडलेलं असतं. ती फिरवून बसवली की दांडा आणि डोकं यांमधला कोन अंशा-दीड अंशाने बदलतो. स्लीव्हवर छापलेलं असतं अधिक एक, उणे एक, असं काहीतरी. माणूस समजतो, लॉफ्ट एक अंशाने वाढला. लॉफ्ट म्हणजे फेस आभाळाकडे किती कललाय तो कोन. पण क्लब नुसता जमिनीवर टेकवून ठेवलात तर लॉफ्ट फारसा बदललेला नसतो. बदललेलं असतं ते फेसचं तोंड. 'अधिक' केलं की फेस डावीकडे बघायला लागतो, म्हणजे बंद होतो. 'उणे' केलं की उजवीकडे, म्हणजे उघडतो. लॉफ्ट खरोखर केव्हा वाढतो? तुम्ही त्या बंद फेसला हातांनी फिरवून पुन्हा लक्ष्यासमोर सरळ धरता तेव्हा. म्हणजे स्लीव्ह अर्धं काम करते, उरलेलं अर्धं तुमची पकड करते. पकड काय करील हे कंपनीला छापता येत नाही, म्हणून ती फक्त आपल्या अर्ध्याचा आकडा छापते.

भाऊजींना हे मी जेवणाच्या ताटावर काकडी आणि सुरी घेऊन समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही फायदे, लॉफ्टही आणि फेसही." नाही. एका वेळी एकच. दोन्ही थोडे थोडे मिळतात, पण त्यातलं किती कोणतं हे तुमचे हात ठरवतात, तेही तुम्हाला न विचारता.

आणि हात कसे ठरवतात? डोळ्यांवरून. क्लब चेंडूमागे ठेवला की वरून फेसची रेघ दिसते. वर्षानुवर्षं जी रेघ पाहत आलो तिच्यापेक्षा ती डावीकडे वळलेली दिसली की शरीराला वाटतं, हा चेंडू डाव्या झाडांत जाणार. मग मनगटं तो फेस उघडतात, किंवा खांदे थोडे उजवीकडे वळतात. स्क्रूने दिलेलं हातांनी काढून घेतलं. पहिल्या दिवशी चेंडू खरंच डावीकडे जातो, कारण शरीराला अजून पत्ता लागलेला नसतो. त्या एका दिवसावर माणसं ड्रायव्हर विकत घेतात. पंधरवड्याने चेंडू पुन्हा आपल्या जुन्या जागी, उजवीकडे, आणि माणूस पान्याला दोष देतो.

चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः फेसचं तोंड ठरवतं, आणि पुढे तो किती वळणार हे फेस आणि स्विंगची वाट, म्हणजे क्लब फिरत येतो ती दिशा, यांतल्या तफावतीवर असतं. जुनी पुस्तकं याच्या उलट शिकवत: वाटेवर निघतो, फेसकडे वळतो. रडार आलं, चेंडू खरोखर कुठून निघतो ते मोजता यायला लागलं आणि ते शिक्षण मागे पडलं. भाऊजी अजून जुन्यावरच आहेत. ड्रायव्हर चालू वर्षाचा आणि सिद्धांत शाळेतला, असं बऱ्याच जणांचं असतं.

तळाचं वजन ही वेगळीच गोष्ट आहे. भाऊजींच्या ड्रायव्हरच्या तळाला दोन खाचा आहेत, एक हीलकडे म्हणजे दांड्याच्या बाजूला, एक 'टो'कडे म्हणजे टोकाच्या बाजूला. एकीत १२ ग्रॅमचा स्क्रू, दुसरीत २ ग्रॅमचा. जड स्क्रू हीलकडे घातला की डोक्याचा गुरुत्वमध्य हीलकडे सरकतो. मग फेसच्या मध्यावर बसलेला फटकासुद्धा गुरुत्वमध्याच्या 'टो'कडच्या बाजूला पडतो. डोकं किंचित एका अंगाने वळतं आणि दातेरी चाकांसारखी चेंडूला उलटी फिरकी देतं. ती फिरकी चेंडूला डावीकडे वळवते. स्लाइसवाल्याला हवं ते हेच.

किती सरकतो? हे मी बसल्या बसल्या पाठकोऱ्या कागदावर काढलं. अदलाबदलीत दहा ग्रॅम एकीकडून दुसरीकडे गेले. खाचांत अंतर ६ सेंटिमीटर धरा, डोकं २०० ग्रॅमचं. दहा गुणिले साठ भागिले दोनशे, म्हणजे ३ मिलिमीटर. एवढाच. भाताच्या शिताएवढासुद्धा नाही. आणि तुमच्या-माझ्यासारख्याचे फटके फेसवर पडतात कुठे? व्हाइटबोर्डच्या मार्करने फेस रंगवून बघा, चेंडू लागेल तिथली शाई निघते. माझे ठिपके सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर इकडे तिकडे. भाऊजींचे तर फेसभर, सढळ हाताने. म्हणजे स्क्रू देतो ३ मिलिमीटर आणि आम्ही उधळतो १० ते १५.

पण यावरून स्क्रू निरुपयोगी ठरत नाही, आणि हा मुद्दा भाऊजींच्या शेजारी उभं राहून डोकं हलवणाऱ्या आमच्या क्लबातल्या शहाण्यांना पटवायला मला जड गेलं. उधळण दोन्ही बाजूंना होते, तिची सरासरी एका जागी राहते. ३ मिलिमीटर मात्र दर फटक्याला, न चुकता, एकाच बाजूला ढकलत असतात. एका चेंडूत ते दिसणार नाहीत. दहा चेंडूंतही दिसतीलच असं नाही. मग किती? समजा तुमचे चेंडू मधल्या रेषेच्या आजूबाजूला २० मीटरच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे सरासरीपासून साधारण तेवढे इकडे तिकडे, पसरतात आणि स्क्रूमुळे सरासरी ६ मीटर सरकते. ही सरक नशिबाची नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला प्रत्येक मांडणीत नव्वदच्या आसपास चेंडू मारायला लागतात. दोन मांडण्यांचे मिळून एकशेऐंशी. आता दुकानात चार चेंडू मारून 'हाच घ्या' म्हणणाऱ्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

एकशेऐंशी चेंडू एका सकाळी मारले तर शेवटच्या पन्नासात क्लब मारतोय की पाठदुखी, सांगता येत नाही. म्हणून ते वेगवेगळ्या दिवसांत वाटून घ्यावे लागतात. दिवस वाटले की हवा बदलते. बडोद्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ धरलं तर दुपारची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, चेंडू जास्त लांब जातो. पावसाळ्यात जमीन फुगलेली, चेंडू पडेल तिथेच रुततो, उन्हाळ्यात टणक, घरंगळतच राहतो. तेव्हा अंतर मोजायचं तर हवेतलंच, घरंगळलेलं धरायचं नाही. दमट हवा जड असते असं सगळ्यांना वाटतं, ती खरं तर कोरड्यापेक्षा किंचित हलकी असते, पण फरक नगण्य. सरावाचे जुने झिजलेले चेंडू एकाला लांब, एकाला आखूड. दोन्ही मांडण्यांना एकाच टोपलीतले हवेत. आणि आधी सगळे 'अ', मग सगळे 'ब' असं कधीही करू नये. 'ब'च्या वाट्याला दमलेलं अंग, वाढलेला वारा आणि कंटाळा येतो. अधूनमधून आलटापालटी करायची, आणि क्रम नाणं उडवून ठरवायचा.

प्रयोगशाळेत आणखी एक पथ्य असतं, ते मी भाऊजींपासून आठवडाभर लपवून ठेवलं, कारण त्यांना अपमान वाटला असता. तपासणाऱ्याला कोणता नमुना हातात आहे ते कळू द्यायचं नाही.

आमच्या नेहमीच्या कॅडीदादांना, म्हणजे पिशवी सांभाळणाऱ्यांना, मी हाताशी धरलं. दोन्ही खाचांवर काळी इन्सुलेशनची पट्टी, दोन्हीकडे सारखीच. मी नाणं उडवायचं नाही, त्यांनी उडवायचं, झाडामागे जाऊन स्क्रू बदलायचे, पट्टी लावायची, आणि स्वतःच्या छोट्या डायरीत लिहून ठेवायचं. माझी वही वेगळी. सरावाच्या पट्ट्यावर बांबू रोवून उभ्या पट्ट्या पाडलेल्या, चेंडू कोणत्या पट्टीत पडला तेवढंच मी लिहायची. त्यांना या प्रकरणाची इतकी गोडी लागली की माझा चेहरा पाहून ते मुद्दाम तोंड वळवायचे. "बेन, मी काही बोलणार नाही," हे गुजरातीत, मराठीत, खुणांनी.

वह्या जुळवल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. हातात क्लब घेऊन जड स्क्रू कुठे आहे ते मला अजिबात ओळखता आलं नाही. माझे अंदाज नाण्याइतकेच बरोबर. भाऊजींनी तर लोकांसमोर 'हा डावीकडचा, हातातच कळतं' असं छातीठोक सांगितलेला क्लब नेमका उलटा निघाला. आणि तरीही, न कळताच, हीलकडच्या मांडणीत माझ्या चेंडूंची सरासरी डावीकडे सरकलेली होती. फार नाही. पण झाडीत जाणारे चेंडू कमी झाले होते, आणि झाडीत गेलेल्या चेंडूची किंमत अंतरावरून कळत नाही, बाहेर काढायच्या फटक्यावरून कळते.

मग स्लीव्हची तशीच झाकून चाचणी करायला गेले आणि अडले. करताच येत नाही. फेस दिसतो. क्लब चेंडूमागे ठेवल्या क्षणी डोळ्याला कळतं, आज तोंड कुठे आहे. काही कंपन्यांच्या रचनेत दांडाही सोबत फिरतो, पकडीवरची खूण बोटांना वेगळ्या जागी लागते. कॅलवे आणि टायटलिस्टने दोन कड्यांची रचना करून दांडा जागेवर ठेवलाय खरा, पण फेस त्यांनाही लपवता येत नाही. मला सगळ्या खटाटोपातून मिळालं ते हे. वजन डोळ्याला दिसत नाही, म्हणून हात त्याच्याशी भांडत नाहीत, आणि ते आपलं काम निमूट करत राहतं. स्लीव्ह डोळ्यासमोर बदलते, म्हणून हात उत्तर देतात. एकाच ड्रायव्हरला, एकाच पान्याने फिरणारे दोन स्क्रू, पण एक यंत्राचा भाग आणि दुसरा संभाषणाचा. माहितीपत्रकात मात्र दोन्ही एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी.

स्लीव्ह टाकून द्यायची, असं मी म्हणत नाही. जिचा फेस मुळातच डोळ्याला उघडा दिसतो आणि ती बिचारी तो बंद करायला दर वेळी मनगट वळवते, तिच्यासाठी खटका एक घर फिरवून रेघ सरळ दिसू लागणं हीच मोठी सोय आहे. म्हणजे स्लीव्ह चेंडूकरता फिरवू नये, नजरेकरता फिरवावी. नजर शांत झाली की हात आपसूक शांत होतात.

लॉफ्टच्या बाबतीत मात्र मला पुरुषांशी भांडायचंय. भाऊजींनी घेतलेलं डोकं ९ अंशांचं. का? तर व्यावसायिक खेळाडू कमी लॉफ्टने खेळतात. त्यांचा क्लब ताशी ११५ मैलांच्या आसपास फिरतो. भाऊजींचा, मुलाने पाठवलेल्या छोट्या रडारवर, जेमतेम ८५. माझा त्याहून पुष्कळ कमी. एवढ्या वेगाला कमी लॉफ्ट दिला की चेंडू पुरेसा उंच जातच नाही, हवेत टिकत नाही, लवकर खाली येतो. शिवाय लॉफ्ट वाढला की फेस आणि वाट यांत तेवढीच तफावत असूनही चेंडूचा अक्ष कमी कलतो, म्हणजे स्लाइस आपोआप सौम्य होते. मी १२ अंशांनी खेळते आणि माझा चेंडू कित्येकदा त्यांच्या पुढे पडलेला असतो. तरी १२ म्हणजे बायकांचा आकडा! दुकानांतही तसंच मांडून ठेवलेलं असतं. मी एकदा एका दुकानात ९ अंशांचं डोकं मागवून बघितलं तर विक्रेत्याने विचारलं, "सरांसाठी का?"

त्याच दुकानात तुलना कशी करतात तेही पाहिलं. बंद खोलीत पडदा, रडार. आधी गिऱ्हाइकाच्या जुन्या ड्रायव्हरचे चार फटके, अंग आखडलेलं असताना. मग नव्याचे पंधरा, अंग मोकळं झाल्यावर. पडद्यावर नव्याचा सर्वांत लांब फटका ठळक, जुन्याची सरासरी फिकट. दोन्हींचे दांडे वेगळे, लांबी वेगळी. मी घड्याळात बघत बाहेर उभी राहिले. कंपनीत अशी वही घेऊन मी वरिष्ठांसमोर गेले असते तर त्यांनी ती मिटून परत दिली असती, आणि पुढच्या पगारवाढीला तो दिवस आठवला असता.

भाऊजींना एकदा सहाव्या होलवर पाना काढताना मी पकडलं. सलग तीन चेंडू उजवीकडे गेले होते. "वहिनी, एकच घर." मी म्हटलं, स्पर्धा असती तर एकच घर तुम्हाला घरी पाठवायला पुरेसं होतं. फेरी सुरू झाल्यावर क्लबची मांडणी मुद्दाम बदलून त्याने फटका मारला तर खेळाडू बाद होतो. २०१९ च्या नियमांत एवढी सवलत आहे की फटक्याआधी होती तशी करून ठेवली तर चालतं. बोटाने सहज फिरेल अशी रचना मुळात मंजूरच होत नाही, पाना लागलाच पाहिजे. आमच्या रविवारच्या खेळात कोण बघतंय, हे त्यांचं म्हणणं. मी बघतेय, हे माझं. त्यांनी पाना ठेवला, पुढचा चेंडू डाव्या झाडांत मारला आणि बराच वेळ बोलले नाहीत. शेव-उसळीच्या गाडीपाशी आल्यावर बोलायला लागले.

माझ्या ड्रायव्हरवर आता जड स्क्रू हीलकडे आहे आणि स्लीव्ह छापील मधल्या खुणेवर. कंपनीत आम्ही तपासलेल्या उपकरणाच्या स्क्रूवर लाखेचा ठिपका द्यायचो, कोणी छेडलं तर कळावं म्हणून. मी नेलपॉलिशचा दिलाय, स्क्रू आणि डोकं दोन्हींवर मिळून एक आडवी रेघ. भाऊजींनी हीलकडचं वजन मान्य केलं, १२ अंशांचं डोकं अजून नाही. त्यावर 'विचार चालू आहे'. खटका अधूनमधून फिरतोच, मी विचारत नाही, पाना जागेवर आहे का तेवढं बघते.

परवा त्यांनी नवाच विषय काढला: दांडा. कमी वजनाचा घेतला तर वेग वाढेल म्हणे. वाढेलही. पण दांडा बदलला की लांबी, वजन, तोल आणि लवचीकपणा असं सगळं एकदम बदलतं. अर्धा इंच लांबीनेसुद्धा डोकं हाताला जड लागायला लागतं. नुसत्या दांड्याची तुलना करायची तर बाकी सगळं एकसारखं ठेवावं लागेल. म्हणजे त्याच लॉफ्टची, त्याच वजनाची दोन डोकी, दोन दांडे, दोन्हींवर सारखीच पकड, आणि कॅडीदादांसाठी नवी डायरी. मी यादी करून दिली. भाऊजींनी किमतींची बेरीज केली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. जाऊबाईंना दाखवलेला नाही अजून.